पेवातली हवा

'पेव फुटणे' हा वाक्प्रचार आपल्या तोंडी रोज असतो. पेव मात्र नांदेड-लातूरकडच्या तरुणांनी क्वचितच पाहिलेले असते. जमिनीखालचे धान्याचे कोठार, असा त्याचा अर्थ सांगतात. तो अपुरा आहे. पेवात ज्वारी टिकायची, कारण तिथली हवाच पालटायची. हवेतून प्राणवायू वेगळा काढण्याची यंत्रे आधुनिक काळात आली. त्याच्या कितीतरी आधी मराठवाड्याच्या शेतकऱ्याने बंदिस्त हवेकडून काम करून घेतले होते. म्हणून पेवाला तंत्रज्ञानाच्या इतिहासात जागा मिळाली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

गावाची काळी आणि पांढरी हा भेद इथे कामाला येतो. काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पेव तिच्यात तग धरणार नाही. ते खणायचे पांढरीत, म्हणजे गावठाणात, गढीच्या नाहीतर वाड्याच्या आवारात, पाणी न साचणाऱ्या उंचवट्यावर. तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढे, पोट रांजणासारखे फुगीर. आत जाळ करून भिंती खडखडीत वाळवायच्या, तळाला आणि कडेने कडबा-भूस लावायचे, ज्वारी ओतायची, वर पुन्हा भूस, मग दगड आणि त्यावर मातीचा जाड थर. पुढचे काम आतल्या जीवांचे. दाणा जिवंत असतो, मंद श्वास घेतो. त्यातली कीड त्याहून जोरात घेते. हवेतला सुमारे २१ टक्के ऑक्सिजन उतरत जातो, कार्बन डायऑक्साइड चढत जातो. ऑक्सिजन दोन-तीन टक्क्यांवर आला की सोंडकिडे आणि पोरकिडे जगत नाहीत. कीड जितकी जास्त तितका ऑक्सिजन लवकर संपतो, म्हणजे कीड स्वतःचे मरण स्वतःच ओढवून घेते. अरुंद तोंडाचे कारणही यातच आहे: हवा शिरण्याची वाट लहान असली की ती नीट लिंपता येते.

कुणी म्हणेल, हे सगळे योगायोगाने घडले. शेतकऱ्याला वायूंचे काय ज्ञान? वायूंची नावे त्याला ठाऊक नव्हती, हे खरे. पण पेव उघडण्याची रीत पाहावी. तोंडावरचा दगड काढला की लगेच कुणी उतरत नसे. पेव उघडे ठेवून वाट पाहायची, मग दोरीला बांधून कंदील आत सोडायचा. तो विझला तर थांबायचे. ऑक्सिजन साधारण १६ टक्क्यांखाली गेला की ज्योत मालवते आणि माणूस त्याहून कमी ऑक्सिजनमध्ये कोसळतो, म्हणून ज्योत आधी इशारा देते. आत जीव घेणारे काहीतरी आहे, ते खाली साचते आणि दिव्याने ओळखता येते, एवढे ज्याला कळले त्याला पेवाचे मर्म कळलेच होते. दूरच्या रोममध्ये इसवीसनापूर्वी पहिल्या शतकात व्हारो या लेखकाने धान्याच्या खड्ड्यांबद्दल हाच धोका लिहून ठेवला आहे. आपल्याकडे तो घराघरांत पाळला गेला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पेवातल्या धान्याला कुबट वास यायचा, भिंतीलगतचा थर काळा पडायचा, आणि ते पेरायला घातले तर उगवण कमी. हे मान्य करायलाच हवे. पण बियाणे पेवात टाकायचे नसते हे ठाऊक होते. ते राख आणि कडुनिंबाचा पाला घालून वेगळे ठेवत. शिवाय पेवाचे यश आधी खळ्यावर ठरायचे. दाणा दातांखाली कटकन फुटला तरच तो पेवाच्या लायकीचा. ओल राहिली तर बंद हवा बुरशी पुरती रोखू शकत नाही.

पेवे संपली ती इथेच. १९६४ साली सीएसएच-१ हे ज्वारीचे पहिले संकरित वाण आले. संकरित खरीप ज्वारी लवकर पिकू लागली, परतीच्या पावसात सापडू लागली. असा ओला दाणा पेवात कोण घालणार? नंतर सोयाबीनने ज्वारीचे रान व्यापले, आणि सोयाबीन घरी साठवायचे पीक नव्हे, ते आडतीवर जाते. लातूरकडे आणखी एक घाव बसला. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर किल्लारी परिसरातली गावे नव्या जागी आखली गेली आणि जुनी पांढरी मागे पडली. म्हणजे पेव गेले ते पीक, बाजार आणि गावठाण बदलल्यामुळे. त्यामागचे तत्त्व खोटे ठरले नाही.

उलट तेच तत्त्व जगाने पुन्हा हाती घेतले. दुसऱ्या महायुद्धात माल अडकून पडला तेव्हा अर्जेंटिनाने जमिनीखाली प्रचंड हवाबंद कोठारे बांधली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी कॅमेरूनमध्ये चवळीसाठी तीन थरांची हवाबंद पिशवी तयार केली. तिच्यातही कीड मरते ती ऑक्सिजन संपल्यामुळे. आपल्या गोदामांत मात्र आजही ताडपत्रीखाली ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन सुटतो, आणि तो माणसालाही तितकाच घातक आहे.

जुन्या गढ्यांची पांढरी माती आता ट्रॅक्टरने उचलली जाते आहे, तिच्याबरोबर पेवेही बुजत आहेत. तुमच्या वाड्यात पेव असेल तर बुजवण्याआधी त्याच्या तोंडाचे माप घ्या, दोरी सोडून खोली मोजा, भिंतीला काय लावले होते ते लिहून ठेवा. आत मात्र उतरू नका; बरीच वर्षे बंद असलेल्या पेवात कंदील जळत राहिला तरी ती हवा निर्धोक असेलच असे नाही.