नसलेल्या बोटांची कळ

वडूज-खटावच्या टापूत गावोगाव फौजेतली माणसे आहेत. युद्धात हात-पाय गमावलेल्या सैनिकांसाठी १९४४ साली पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. तिथे नवा पाय मिळतो. पण गेलेल्या पायाच्या बोटांना कळा येतात, त्यांचे काय? हात गेलेल्याला आपली भाषा ‘थोटा’ म्हणते, पाय गेलेल्याला ‘लंगडा’. मागे उरलेल्या या जाणिवेला मात्र तिच्याजवळ घरचा शब्द नाही. ‘आभासी अवयव’ असे भाषांतर करून आम्ही वेळ मारून नेतो. हा ‘आभास’ आला कुठून, ते पाहण्यासारखे आहे.

देकार्तने १६४४च्या ग्रंथात एका मुलीची हकीकत दिली आहे. हात कापल्याचे तिला कळू दिले नव्हते. ती बोटे दुखतात म्हणून सांगत राहिली. त्याचा निष्कर्ष असा, की वेदनेची जाणीव हातात नव्हे, मेंदूत होते.

मग आला सायलस वेअर मिचेल. अमेरिकी यादवी युद्धातले जखमी तपासलेल्या या डॉक्टरने १८६६ मध्ये एक निनावी कथा छापली: चारही अवयव गमावलेल्या जॉर्ज डेडलोची. वाचकांनी ती खरी मानली, काहींनी मदतीचे पैसेही पाठवले! कथेचा शेवट प्रेतात्म्यांच्या बैठकीत होतो. डेडलोचे कापलेले पाय क्षणभर परत येतात. १८७१ मध्ये मिचेलने या जाणिवेला नाव दिले तेही भुताचेच. आमच्या मते, रुग्णाचे खरे बोलणे या रूपकाने भुताखेतांच्या पंक्तीला नेऊन बसवले. खुद्द मिचेल कारण शोधत होता ते खुंटातल्या डिवचलेल्या मज्जातंतूंत. त्या समजुतीवर खुंट पुन्हा कापले गेले. वेदना पुष्कळदा परतली.

१९९०च्या दशकात रामचंद्रन यांनी गालाला स्पर्श केला असता तो गेलेल्या हातात जाणवणारे रुग्ण दाखवले. मेंदूतल्या हाताच्या ओस जागेत शेजारचा चेहरा घुसतो, ही त्यांची उपपत्ती पाठ्यपुस्तकांत गेली. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मात्र तिघांच्या मेंदूची चित्रे हात काढण्याआधी आणि नंतरही घेतली होती. बोटे हलवायला सांगितल्यावर दोन्ही वेळी मेंदूतला हाताचा नकाशा जवळजवळ तोच निघाला. जागा ओस पडलीच नव्हती. ‘माझी बोटे दुखतात’ हे देकार्तच्या मुलीचे वाक्य त्या नकाशापुरते तरी अक्षरशः खरे होते. ‘आभासी’ हे विशेषण आता कशाला लावायचे, ते कोशकारांनी पाहावे.