कवायत कोणासाठी? शाळेतल्या व्यायामाच्या तासाचा इतिहास

शाळेतल्या मुलांनी भरपूर हालचाल करावी, निरोगी राहावं, यावर कोणाचं दुमत नाही, त्यामुळे ते पटवून देण्यात वेळ घालवत नाही. मला विचारायचंय ते वेगळं. शाळेत व्यायाम आला तो कोणाच्या गरजेपोटी? ज्याची गरज होती त्याचा ठसा त्या तासावर अजून दिसतो, असं माझं मत आहे.

‘कवायत’ हा शब्दच घ्या. मूळ अरबी. ‘कायदा’ ज्या शब्दापासून आला, त्याचंच हे अनेकवचन. म्हणजे नियमावली!

युरोपात याची सुरुवात दोन पराभवांतून झाली. प्रशियाला नेपोलियननं १८०६ साली हरवलं. १८११ मध्ये बर्लिनजवळ यान यानं तरुणांसाठी व्यायामाचं मैदान उघडलं. स्वीडननं १८०९ मध्ये फिनलंड गमावला. १८१३ मध्ये स्टॉकहोमला लिंगची व्यायामसंस्था निघाली. ब्रिटनला जाग आली ती बोअर युद्धात, भरतीला आलेले कितीतरी तरुण अपात्र ठरले तेव्हा. १९०४ साली समितीचा अहवाल आला आणि १९०९ मध्ये शाळांसाठी स्वीडिश धर्तीचा अभ्यासक्रम. मधल्या काळात, १९०६ साली, शाळेत जेवण देण्याचा कायदाही त्यांनी केला, हे मात्र त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. उपाशी पोराकडून कवायत करून घेण्यात काय अर्थ?

आता आपल्याकडे या. तालमीत वस्ताद प्रत्येक पोराकडे पाहतो. याचा दम किती, त्याच्या जोर-बैठका किती, हे तो माणूस बघून ठरवतो. कवायतीत पन्नास मुलं एका आकड्यावर हात वर करतात. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराच्या माणिकरावांनी या सांघिक कवायतीला हिंदी आज्ञा दिल्या. त्यांच्याकडे शिकलेले जगन्नाथ गणेश गुणे म्हणजेच पुढचे स्वामी कुवलयानंद. त्यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं, योगाला प्रयोगशाळेत नेलं. मोठा माणूस, यात शंका नाही. पण १९३६ चं त्यांचं ‘यौगिक संघ व्यायाम’ हे पुस्तक पाहा. त्यात आसनंसुद्धा सामूहिक कवायतीसाठी हुकमांत बसवलेली आहेत. एकांतातली साधना रांगेत उभी राहिली. वर्गात साठ मुलं आणि शिक्षक एक, तर दुसरं करणार काय, हा त्यांचा नाइलाजही समजण्यासारखा आहे. तरी माझा मुद्दा उरतोच. आपण आशय देशी केला. साचा छावणीचाच ठेवला.

स्वातंत्र्यानंतर १९५४ साली जगन्नाथराव भोसले यांनी राष्ट्रीय अनुशासन योजना सुरू केली, तीही दिल्लीतल्या निर्वासितांच्या मुलांपासून. हेतू उदात्त होता, पण नावात आरोग्य नाही, ‘अनुशासन’ आहे बरं का! पुढे कोठारी आयोगानंच (१९६४-६६) म्हटलं की सरकारी योजनांमध्ये शारीरिक क्षमतेवर भर आहे, शैक्षणिक मूल्याकडे दुर्लक्ष आहे.

याच्या शेजारी खो-खो ठेवून पाहा. आठ जण एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले, पाठलाग करणाऱ्याला मागे वळायची मुभा नाही. खो कुणाला द्यायचा, कधी द्यायचा, हे धापा टाकत त्यानंच ठरवायचं. तिथे शरीर विचार करतं. माझ्यासारख्या तत्त्वज्ञानाच्या मास्तराला याचं अप्रूप वाटणारच.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दमदार हालचाल हवी. व्यायामाचे आठवड्याला दोन तास, आणि तेही गणिताच्या सरांनी मागून घेतले नाहीत तर! यात हे बसत नाही. उरलेली धावपळ मुलानं आपणहून करायची आहे, शाळा सुटल्यावर, सुटीत, आणि पुढे चाळिशीतही. ‘एक-दोन’ ऐकल्यावरच हलायची सवय लागलेलं मूल ते कशासाठी करील? आणि जे जाड आहे, मागे पडतं, ज्याला सगळे हसतात, ते तर मैदान सुटल्याचा आनंदच मानणार.

शारीरिक शिक्षणाचे दोन शिक्षक समोर बसलेले दिसतायत. पहिला प्रश्न त्यांचा घेऊ.