चिलखत आणि उष्णता : नगरमधील लढाऊ वाहनांच्या इंजिनांचा इतिहास

अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या शहराच्या उत्तरेस मनमाड रस्त्यावर वसलेले नागापूर आज औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. परंतु या परिसराचा इंजिनांशी असलेला संबंध त्या वसाहतीहून जुना असून तो लष्करामुळे जडलेला आहे. फाळणीच्या वेळी, १९४७ मध्ये, रावळपिंडीजवळील चकलाला येथील लष्करी वाहनांची तांत्रिक संस्था नगरला हलवण्यात आली आणि तीच पुढे वाहन संशोधन व विकास संस्था म्हणून नावारूपाला आली. त्यापुढच्या वर्षी चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र व विद्यालय येथे एकत्रित स्वरूपात उभे राहिले. १९९४ मध्ये खुल्या झालेल्या येथील रणगाडा संग्रहालयातील वाहनांकडे सामान्यतः त्यांच्या तोफांसाठी पाहिले जाते. परंतु मार खाणाऱ्या वाहनाचे इंजिन थंड कसे ठेवावे, या प्रश्नाला निरनिराळ्या राष्ट्रांनी दिलेली उत्तरेही त्याच वाहनांत गोठलेली आहेत, आणि अभ्यासकांनी त्यांची पुरेशी दखल घ्यायला हवी.

प्रश्नाचे मूळ साधे आहे. इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश चाकांना गती देण्याच्या कामी येते, तितकीच धुराबरोबर बाहेर पडते आणि उरलेली धातूत साठत जाते. ती वेळीच काढून घेतली नाही तर वंगणतेल पातळ होते, सिलिंडरचे झाकण म्हणजे हेड वाकते, त्याखालील गॅस्केट उडते आणि अखेर पिस्टन सिलिंडरमध्येच जाम होतो. म्हणून सिलिंडरभोवती पोकळ कप्पे ठेवून त्यांतून पाणी खेळवतात आणि ते रेडिएटरमध्ये, म्हणजे बारीक नळ्या व पातळ पत्र्यांच्या जाळीत, वाऱ्याने थंड करतात. या जाळीला मोकळा वारा हवा, तर चिलखताला प्रत्येक फट बुजवायची असते, आणि हा विरोध कोणत्याही अभियंत्याला पूर्णपणे मिटवता आलेला नाही. अमेरिकेतील जत्रांमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झालेल्या डिमॉलिशन डर्बी या खेळात जुन्या मोटारी एकमेकींवर आदळत राहतात आणि शेवटची चालती गाडी जिंकते. तेथेही हाच पेच दिसतो. पुढच्या बाजूला असलेला रेडिएटर फुटला की सारे पाणी सांडून जाते, म्हणून कसलेले चालक समोरून न आदळता गाडी मागे नेत तिच्या मागच्या भागाने टक्कर देतात.

संग्रहालयातील रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट या मोटारीवर बांधलेली चिलखती गाडी या पेचाचे सर्वांत जुने उत्तर दाखवते. तिचा रेडिएटर साध्या मोटारीप्रमाणे अगदी पुढे आहे, मात्र त्याच्यासमोर पोलादी दारे बसवलेली आहेत. गोळीबार सुरू झाला की ती आतून मिटून घ्यायची आणि धोका टळला की उघडायची, अशी योजना होती. दारे मिटलेली असताना इंजिन तापत राहणार, हे त्यात गृहीतच धरलेले होते, आणि त्यामुळे वाऱ्याविना किती वेळ लढता येईल याचा हिशेब चालकाला सतत मनाशी ठेवावा लागे.

पाणीच नको, हे दुसरे उत्तर जपानने स्वीकारले. त्याच संग्रहालयातील हा-गो या हलक्या रणगाड्यात हवेने थंड होणारे डिझेल इंजिन होते, ज्याच्या सिलिंडरवरील धातूच्या पातळ पाळ्या उष्णता थेट हवेला देत. मांचुरियाच्या थंडीत पाणी गोठण्याची चिंता त्यामुळे उरली नाही. अमेरिकेच्या शेर्मन रणगाड्याच्या काही आवृत्त्यांत विमानासाठी बनवलेले नऊ सिलिंडरचे हवाशीत इंजिन होते, तर एका आवृत्तीत मोटारींची पाच इंजिने एकाच आधाराभोवती जोडून तीस सिलिंडरचे पाणीशीत इंजिन घडवलेले होते, आणि सुरुवातीला त्या पाचांना पाच स्वतंत्र पाण्याचे पंप होते. युद्धकाळातील घाईत हाताशी असलेल्या यंत्रांतून साधलेल्या या जोडणीचे कौतुक करावे तेवढे थोडेच. तथापि तिची देखभाल करणाऱ्या कारागिरांवर पडलेला भारही विसरता येत नाही.

सप्टेंबर १९६५ मध्ये असल उत्तर येथे भारतीय सैन्याने नामोहरम केलेले पॅटन रणगाडेही हवाशीत इंजिनाचेच होते. बारा सिलिंडरच्या त्या पेट्रोल इंजिनावर दोन मोठे पंखे बसवलेले असत, आणि त्यांना हवा मिळावी म्हणून रणगाड्याच्या पाठीवर जाळीदार झडपा ठेवणे भाग पडे. रेडिएटर फुटण्याचे भय गेले, तरी वरून येणाऱ्या माऱ्यासाठी पाठ उघडी राहिली. शिवाय पंखे फिरवण्यातच इंजिनाच्या शक्तीचा मोठा हिस्सा खर्ची पडे. सोव्हिएत टी-५५ या रणगाड्याने पुन्हा पाण्याचा मार्ग धरला, पण रेडिएटर पार मागे, जाड पोलादी झडपांखाली आडवा ठेवला. नदी ओलांडताना त्या झडपा बंद कराव्या लागत, आणि मग रोल्स-रॉइसच्या चालकापुढचाच हिशेब नव्या रूपात समोर येई.

आवडी येथे १९६५ पासून तयार होऊ लागलेल्या विजयंत रणगाड्यात ब्रिटिश लेलँड एल-६० इंजिन होते, ज्याच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन पिस्टन समोरासमोर धावत. हेच इंजिन ब्रिटनच्या चीफटन रणगाड्यात अधिक शक्ती काढण्यासाठी ताणले गेले तेव्हा सिलिंडरच्या अस्तराजवळील सील गळून थंड ठेवणारे पाणी निसटत असे. विजयंतात ते कमी शक्तीवर चालवले गेले, हा निर्णय शहाणपणाचा म्हणावा लागेल. यानंतरच्या अर्जुन रणगाड्याला जर्मन बनावटीचे १,४०० अश्वशक्तीचे पाणीशीत डिझेल इंजिन मिळाले, आणि राजस्थानच्या वाळवंटातील चाचण्यांत तापमानाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. तेथील भोवतालची हवाच इतकी तापलेली असते की रेडिएटरमधील पाणी व हवा यांच्या तापमानातील अंतर घटते, उष्णता सावकाश निघते, आणि मऊ वाळूत रुतलेला रणगाडा जागचा हलत नसतानाही इंजिन पूर्ण जोराने फिरत राहते.

नागरी वापरासाठी नगरने विजयंताच्याच काळात निराळे काम केले. १९७२ मध्ये येथील कायनेटिक इंजिनिअरिंगने लुना ही मोपेड बाजारात आणली, जिचे ५० सीसीचे छोटे इंजिन रेडिएटर, पंप व पाणी या कशाचीही गरज न ठेवता सिलिंडरवरील पाळ्यांनीच थंड होई. त्या वर्षी महाराष्ट्र तीव्र दुष्काळात होरपळत होता आणि पर्जन्यछायेतील नगर जिल्हा त्याच्या झळा सोसत होता. लुनाची रचना दुष्काळासाठी केलेली नव्हती, कारण एवढ्या लहान इंजिनाला हवा सर्वत्रच पुरते. परंतु चिलखत नसलेल्या यंत्राला वारा किती सहज मिळतो, हे लढाऊ वाहनांच्या शहरातील रस्त्यांवरच दररोज दिसू लागले.