दोन खांबांमधलं धाराशिव

खो-खोच्या मैदानात पाठलाग करणाऱ्या मुलीला मागे वळायची मुभा नसते. एकदा एका खांबाच्या दिशेने पाऊल पडलं की त्याच दिशेने जायचं. मध्यपाटी ओलांडायची नाही, बसलेल्या गड्यांच्या मधून पलीकडे घुसायचं नाही. पुढे पळणाऱ्या मुलीला यातलं एकही बंधन नाही. ती हवी तेव्हा वळते, हवी तिथे रांगेतून आरपार जाते, हूल देते, थांबते, पुन्हा सुटते. म्हणजे एकटीनेच पाठलाग करायचा ठरवला तर कितीही वेगवान मुलगी चपळ संरक्षकापुढे हताश होईल. तिचा सारा भरवसा असतो तो रांगेत बसलेल्या आठ जणींवर.

या बसलेल्या मुलींकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. एकीचं तोंड पूर्वेला असेल तर शेजारणीचं पश्चिमेला, अशी आळीपाळीने त्यांची बैठक असते. उकिडवं बसलेलं शरीर, टाचा उचललेल्या, हाताची बोटं जमिनीला टेकलेली. प्रत्येकीला अर्धंच मैदान दिसतं. उरलेलं अर्धं पाठीमागे असतं आणि ते पावलांच्या आवाजावरून ओळखायचं असतं. मागून पाठीवर तळहात पडतो, त्याच क्षणी ‘खो’ ऐकू येतो आणि ती उसळते. शब्दाआधी उठली तर फाऊल. जिने खो दिला ती धापा टाकत रिकाम्या चौकोनात बसते, आणि बसल्याबसल्या पुन्हा सज्ज होते, कारण तिची पाळी काही सेकंदांत परत येणार असते. 27 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद मैदान, दोन टोकांना छातीएवढ्या उंचीचे दोन खांब, आणि नऊ मिनिटांची पाळी. त्या नऊ मिनिटांत तीन-तीनच्या तुकड्यांनी उतरणाऱ्या संरक्षकांमधले जितके गडी टिपता येतील तितके टिपायचे.

ही अडथळ्यांची शर्यतच आहे. फक्त इथले अडथळे लाकडाचे किंवा दोराचे नाहीत, जिवंत आहेत. पळणारीला जे आठ देह चुकवत, ज्यांच्या मधून नागमोडी साखळी घालत जायचं असतं, तेच आठ देह पाठलाग करणारीचा आधार असतात. जगात अडथळ्यांच्या शर्यतींचं वेड अलीकडे पुष्कळ वाढलं. भिंती, चिखल, बर्फाचं पाणी, दोरखंड यांतून मैलोन्मैल जाणारी ‘टफ मडर’ ही शर्यत 2010 साली अमेरिकेत सुरू झाली. मूळ स्वरूपात तिथे घड्याळ लावलं जात नाही, आणि उंच भिंतीवर अडकलेल्याला वरून हात द्यायचा ही तिथली रीत. पॅरिस ऑलिम्पिकनंतर मॉडर्न पेंटॅथलॉनमधून घोडेस्वारी गेली आणि तिच्या जागी अडथळ्यांची शर्यत आली. सोबत्याच्या हाताशिवाय पुढे जाताच येऊ नये, अशी व्यवस्था मराठी मुलखातल्या या खेळाने मात्र शंभर वर्षांपूर्वीच नियमात बसवून टाकली होती.

खो-खोचा उगम थेट महाभारतात, रथांच्या पाठलागात किंवा चक्रव्यूहात शोधण्याची हौस बऱ्याच जणांना असते. त्याला भक्कम पुरावा नाही आणि खेळाच्या मोठेपणासाठी त्याची गरजही नाही. पाठशिवणीचा हा प्रकार गावोगाव खेळला जात होता. 1906 साली स्थापन झालेल्या पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्याला नियमांची चौकट दिली. 1924 मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने आपले नियम छापले. 1928 साली अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळ उभं राहिलं आणि देशी खेळांच्या नियमांमध्ये एकवाक्यता आणण्याचं किचकट काम त्याने अंगावर घेतलं. हे काम करणारे बहुतेक जण शिक्षक आणि तालमीतले वस्ताद होते. मैदान किती लांब, दोन गड्यांमध्ये अंतर किती, खो देताना पाय कुठे असावा, अशा बारीक गोष्टींवर त्यांनी वर्षानुवर्षं खल केला. 1936 मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक जर्मनीत गेलं आणि तिथे त्याने भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली.

त्या काळी धाराशिव या सगळ्या घडामोडींपासून दूर होतं. पुणं ब्रिटिश मुलखात, बडोदं गायकवाडांचं आणि धाराशिव निजामाच्या हैदराबाद संस्थानात. शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून गावाला उस्मानाबाद हे नाव मिळालं होतं. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान भारतात सामील झालं, आणि 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाड्याबरोबर हा जिल्हाही द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्यानंतर थोड्याच काळात, 1959-60 च्या हंगामात, विजयवाड्याला खो-खोची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. पुढच्याच हंगामात कोल्हापूरला महिलांची स्पर्धा सुरू झाली. पुण्या-मुंबईच्या संघांकडे तोवर दोन पिढ्यांचा सराव होता. बालाघाटच्या डोंगररांगांतला, कमी पावसाचा हा जिल्हा शर्यतीत कितीतरी उशिरा उतरला.

सुरुवातीची मोठी नावं अर्थातच इतर गावांची होती. खो-खोतला पहिला अर्जुन पुरस्कार 1970 साली सुधीर परब यांना मिळाला, दुसऱ्या वर्षी अचला देवरे यांना. 1975 च्या मानकऱ्यांत श्रीरंग इनामदार आणि उषा नगरकर होते. 1982 च्या दिल्ली एशियाडमध्ये प्रात्यक्षिक म्हणून खो-खो खेळला गेला. आता हा खेळ आशियाई स्पर्धांत जाणार, अशी आशा तेव्हा अनेकांना वाटली असेल. कबड्डीला 1990 मध्ये ते दार उघडलं; खो-खोला नाही. हळूहळू वर्तमानपत्रांत त्याला एखाददुसरा रकाना उरला. 1998 नंतर तर खो-खोपटूला अर्जुन पुरस्कार मिळणंच थांबलं, आणि हा खंड थोडाथोडका नव्हता. बावीस वर्षं!

तो खंड मोडला धाराशिवच्या सारिका काळे हिने.

सारिकाचा जन्म खेळाडूंच्या घरातला नाही. घर आजी-आजोबांच्या कमाईवर चालायचं, आई शिवणकाम आणि घरकाम करायची. तेराव्या वर्षाच्या सुमारास मामा तिला मैदानावर घेऊन गेला आणि ती खेळू लागली. अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तेव्हा तिने वृत्तसंस्थेला जे सांगितलं ते वाचून आजही जीव कळवळतो: जवळपास दहा वर्षं तिला दिवसातून एकदाच पोटभर जेवायला मिळे, आणि नीट खाणंपिणं व्हायचं ते शिबिराला किंवा स्पर्धेला गेल्यावरच. खो-खोत एका पाळीत संरक्षक किती धावते हे ज्याने पाहिलं आहे, त्याला या वाक्याचं वजन कळेल. दर दोन-तीन पावलांना वेग मोडायचा, कंबरेतून वळायचं, पुन्हा पूर्ण वेग पकडायचा. त्यात मांड्या आणि पोटऱ्या अक्षरशः पेटतात. हे सगळं अर्धपोटी.

2016 हे वर्ष तिच्या आयुष्यात दोन टोकांचं ठरलं. त्या फेब्रुवारीत गुवाहाटी आणि शिलाँगला झालेल्या बाराव्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धांत खो-खोचा प्रथमच समावेश झाला. भारतीय महिला संघाची कर्णधार सारिका होती आणि संघाने सुवर्णपदक जिंकलं. त्याच वर्षी घरच्या ओढाताणीने ती इतकी खचली की खेळ सोडायचं ठरवून खोलीत कोंडून बसली. तिच्या आजीने ही गोष्ट प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांच्या कानावर घातली. त्यांनी तिच्याशी बोलून, समजावून तिला परत मैदानावर आणलं. खो-खोच्या दस्तऐवजांत आणि गुणपत्रकांत या दिवसांची नोंद कुठे सापडणार नाही. पण धाराशिवच्या खो-खोचा इतिहास लिहायचा तर आजीच्या त्या निरोपाला आणि त्यानंतरच्या बोलण्याला सुवर्णपदकाच्याच ओळीत बसवावं लागेल. बसलेलीला उठायला कुणीतरी पाठीवर हात ठेवावा लागतो, आणि तो नेमक्या वेळी ठेवावा लागतो.

29 ऑगस्ट 2020 रोजी, करोनामुळे दूरदृश्य पद्धतीने झालेल्या समारंभात, तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. तोवर ती तुळजापूरला क्रीडा अधिकारी म्हणून शासकीय सेवेत आली होती. आई भवानीच्या गावात, आपल्याच जिल्ह्यातल्या मुलांच्या खेळाची जबाबदारी तिच्याकडे आली.

जाधव यांचं काम एका खेळाडूवर थांबत नाही, आणि धाराशिवची खरी ओळख तीच आहे. महाराष्ट्राच्या मुलींच्या आणि महिलांच्या संघाची यादी जाहीर झाली की त्यात पुणे, ठाणे, सांगलीच्या बरोबरीने धाराशिवची नावं असतात. याचं एक कारण अगदी साधं आहे. खो-खोला बॅट लागत नाही, जाळी लागत नाही, महागडी रॅकेट लागत नाही. सपाट केलेली जमीन, चुन्याच्या रेघा आणि दोन खांब एवढ्यावर खेळ उभा राहतो. दुष्काळी तालुक्यातल्या पालकांना मुलीच्या खेळासाठी पैसा उभा करावा लागत नाही. तिला संध्याकाळी दोन तास घराबाहेर सोडण्याची तयारी मात्र दाखवावी लागते. ती तयारी पैशांहून अवघड असते. प्रशिक्षक घरी येतो, आईवडिलांशी बोलतो, मुलीला सुखरूप परत आणण्याची हमी देतो, तेव्हा कुठे एक चौकोन भरतो. आणि आठही चौकोन भरल्याशिवाय खो-खो होत नाही.

नोव्हेंबर 2022 मध्ये 55 वी वरिष्ठ राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा याच गावात झाली. एकेकाळी राष्ट्रीय नकाशावर कुठेच नसलेल्या मैदानावर देशभरातले पुरुष आणि महिला संघ खेळायला आले. पुढच्याच वर्षी शहराला आणि जिल्ह्याला धाराशिव हे जुनं नाव अधिकृतपणे परत मिळालं.

13 ते 19 जानेवारी 2025 या दिवसांत दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक भरला. महिलांच्या अंतिम सामन्यात भारताने नेपाळला 78-40 असं हरवलं. पुरुषांनीही नेपाळवरच 54-36 अशी मात केली. विजेत्या महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे, आणि त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. सारिकाच्या अर्जुन पुरस्काराला तेव्हा साडेचार वर्षं होत आली होती.

विश्वचषकाचे सामने मातीवर झाले नाहीत, मॅटवर झाले. मॅटवर पकड घट्ट बसते, वेग वाढतो, सूर मारल्यावर कोपरं सोलून निघत नाहीत. पण वळण्याचं तंत्र बदलतं आणि मातीत घसरत थांबण्याची सवय तिथे उपयोगी पडत नाही. अनवाणी पायांऐवजी चांगले बूट लागतात. विश्वचषकात पाळीची वेळ आणि गुणांची पद्धतही बदलली होती. ज्या खेळाला जमीन आणि दोन खांब पुरत होते, त्याला आता लाखो रुपयांचं अंथरूण आणि ते ठेवायला छप्पर हवं आहे. भूम, परंडा, वाशी, लोहारा, कळंब इथल्या शाळांमधल्या मुलींना वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षीच मॅटवर पाय टाकायला मिळाला पाहिजे. नाहीतर राष्ट्रीय शिबिरात पोचल्यावर पहिले काही आठवडे पाय नव्याने शिकण्यातच जातील. जिल्ह्याचे प्रशिक्षक त्यांचं काम मातीवर चोख करत आले आहेत. मॅटचा प्रश्न सोडवायचा आहे तो शासनाने, जिल्हा नियोजनाच्या पैशातून, प्रत्येक तालुक्यासाठी.