फोटोखालची ओळ आणि शेपटीवरचा नंबर

आजचा विषय कदाचित तुमच्या फोनमध्ये आधीपासूनच पडलेला असेल. दुसऱ्या महायुद्धातलं एखादं विमान, शेजारी चार-पाच तरुण पोरं, काळापांढरा फोटो आणि खाली एक ओळ: "ब्रिटिश विमान, बर्मा, १९४२". आपण बघतो, "भारी आहे राव" म्हणतो आणि पुढे पाठवून देतो. ती ओळ कोणी लिहिली, कशावरून लिहिली, हे सहसा कुणी विचारत नाही.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे सिस्टिम बसली की प्रत्येकाकडे एक कहाणी असते. पण कहाण्या बाजूला ठेवून आधी लॉग उघडायचे, हा नियम. जुन्या विमानाच्या फोटोकडेही मी तसंच बघतो. खालची ओळ म्हणजे कुणाचं तरी म्हणणं. विमानाच्या अंगावरचा रंग, चिन्हं आणि नंबर म्हणजे लॉग. आज हे लॉग कसे वाचायचे ते बघू आणि शेवटी बर्मातल्या एका विमानापाशी जाऊ. तिथे खालची ओळ चुकली, तर फोटोतली माणसंच इतिहासातून गायब होतात.

सुरुवात तारखेपासून. युद्धातल्या फोटोची तारीख ओळखायला सगळ्यात जास्त मदत कोण करतं, माहितीये? लाल रंग. जपानी विमानांवर लाल गोळा असायचा. अमेरिकी विमानांवर पांढरा तारा आणि त्याच्या मधोमध लाल ठिपका. लढाईत, जमिनीवरून तोफ चालवणाऱ्याला विमान आपलं की शत्रूचं हे ठरवायला डोळ्याची पापणी लवेपर्यंतचा वेळ मिळतो. लाल दिसलं की बोट दाबलं जाणार. म्हणून मे १९४२ मध्ये अमेरिकेने तो लाल ठिपका काढून टाकला. पुढे जूनच्या अखेरीस, १९४३ साली, ताऱ्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या पट्ट्या आल्या आणि सगळ्याला लाल किनार दिली. पुन्हा लाल! काही महिन्यांतच, सप्टेंबर १९४३ मध्ये, ती किनार निळी करायचा हुकूम निघाला.

म्हणजे बघा, ताऱ्याला पट्ट्या दिसल्या, की तो फोटो १९४२ चा असूच शकत नाही. खाली काहीही लिहिलेलं असो. पण उलट बाजूने जरा जपून. हुकूम वॉशिंग्टनमध्ये निघाला म्हणून आसामच्या धावपट्टीवर दुसऱ्या दिवशी ब्रश फिरला, असं होत नाही. जुनं चिन्ह काही विमानांवर बरेच दिवस राहायचं. त्यामुळे नवीन चिन्ह "याच्या आधीचा नाही" एवढं ठामपणे सांगतं. "याच्या नंतरचा नाही" असं जुन्या चिन्हावरून तितक्या ठामपणे म्हणता येत नाही.

आपल्या बाजूलाही हेच झालं. ब्रिटिश विमानांवरच्या गोल चिन्हात मधोमध लाल असायचं. भारत-बर्मा आघाडीवर १९४३ पासून ते लाल काढलं गेलं आणि पुढे गडद निळ्याच्या आत फिकट निळा असा छोटा गोल आला. भारतीय हवाई दलाच्या विमानांवरही तोच.

आता तुम्ही म्हणाल, फोटो तर काळापांढरा, मग लाल कुठला आणि निळा कुठला हे कळणार कसं? इथेच भले भले फसतात. त्या काळात फिल्म दोन प्रकारची वापरात होती. फोटोच्या फिल्ममधल्या चांदीच्या क्षारांना मुळात निळा प्रकाशच नीट "दिसतो". त्यात रंगद्रव्यं मिसळून हिरवाही दिसेल अशी केली ती ऑर्थोक्रोमॅटिक. लालसकट सगळं दिसेल अशी केली ती पँक्रोमॅटिक. ऑर्थो फिल्मला लाल दिसतच नाही, म्हणून लाल जवळजवळ काळा येतो. निळा मात्र उजळ, फिकट येतो. ब्रिटिश चिन्हाभोवतीचं पिवळं कडंही तिच्यात गडद दिसतं. एकच विमान, एकच दुपार, दोन कॅमेरे, आणि रंगांची पार अदलाबदल! त्यामुळे "कडं काळं दिसतंय, म्हणजे हे काहीतरी खास विमान असणार" असं म्हणण्याआधी फिल्म कोणती होती ते तपासायचं. आजकाल अॅपमध्ये टाकून असे फोटो रंगवतात ना, त्या अॅपला यातलं काहीच माहीत नसतं. ते राखाडी छटेवरून अंदाज बांधतं आणि आपल्याला वाटतं, रंग "सापडला".

चिन्हांबद्दल अजून एक गोष्ट, आपल्याला विशेष जवळची. फोटोत विमानावर स्वस्तिक दिसलं की खाली हमखास "नाझी विमान" असं लिहिलेलं असतं. पण फिनलंडच्या हवाई दलाने १९१८ पासून पांढऱ्या वर्तुळात निळं स्वस्तिक वापरलं. त्या वेळी नाझी पक्ष जन्मालाही आला नव्हता. एरिक फॉन रोझेन नावाच्या स्वीडिश सरदाराने फिनलंडला विमान भेट दिलं, त्यावर त्याचं हे शुभचिन्ह होतं, तेच पुढे चालू राहिलं. १९४५ मध्ये विमानांवरून ते गेलं. काळ्यापांढऱ्या फोटोत निळं काय, काळं काय! मग बघायचं की स्वस्तिक कुठे आहे. जर्मन विमानांवर ते शेपटीवर असतं आणि पंखांवर, अंगावर सरळ क्रॉस असतो. फिनिश विमानांच्या पंखांवरही स्वस्तिकच. आणि ते विमान जर अमेरिकी बनावटीचं ब्रूस्टर असेल, तर उत्तर जवळपास तिथेच मिळतं, कारण फिनलंडने ती विकत घेतली होती.

चला, आता नंबरांकडे. प्रोग्रामरला हा भाग सगळ्यात जास्त आवडणार. रॉयल एअर फोर्समध्ये प्रत्येक विमानाला अक्षर आणि आकड्यांचा एक सीरियल नंबर असायचा. डेटाबेसच्या भाषेत प्रायमरी की. बाजूला मोठी अक्षरं असतात ती स्क्वाड्रनची. विमान दुसरीकडे गेलं की ती बदलतात, सीरियल मात्र विमानासोबत राहतो. अमेरिकी नंबराची गंमत वेगळी. "मेंफिस बेल" हे गाजलेलं बॉम्बर घ्या. त्याचा नंबर ४१-२४४८५, पण शेपटीवर दिसतो १२४४८५. दशकाचा आकडा गाळायचा, अशी पद्धत होती. आणि ते ४१ म्हणजे खरेदी कोणत्या आर्थिक वर्षातली, ते. फोटो १९४१ चा आहे असा त्याचा अर्थ काढायचा नाही.

नंबर मिळाला की खरी मजा सुरू होते. प्रत्येक स्क्वाड्रन रोजची नोंदवही ठेवायची: कोणत्या तारखेला कोणतं विमान कोणी उडवलं, कुठे गेलं, परत आलं का. रॉयल एअर फोर्सच्या स्क्वाड्रनच्या अशा वह्या लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. नंबर, वही आणि फोटो, तिघांचं जुळलं तर ओळख पक्की. अर्थात युद्धात सेन्सॉरही होता. प्रसिद्ध होणाऱ्या फोटोवरून तो स्क्वाड्रनची अक्षरं, रडारचे अँटेना सरळ खोडून टाकायचा. म्हणून फोटोत "रिकामी" दिसणारी जागा खरंच रिकामी होती का, हेही बघावं लागतं.

आणि हे सगळं जुळलं तरी एक प्रश्न उरतो: फोटो आला कुठून? १९३० च्या दशकात पहिल्या महायुद्धातल्या हवाई लढायांचे थरारक फोटो गाजले. विमानं एकमेकांवर तुटून पडतायत, पेट घेतायत, आणि हे सगळं म्हणे एका वैमानिकाने उडता उडता टिपलेलं! कॉकबर्न-लँग आडनावाच्या बाईंनी ते पुढे आणले, वैमानिकाचं नाव मात्र गुपित. १९३३ मध्ये पुस्तकही निघालं. शंका घेणारे होते, पण पुरावा हाती नव्हता. तो १९८४ मध्ये स्मिथसोनियन संस्थेने जाहीर केला. वेस्ली आर्चर नावाच्या, स्वतः ब्रिटिश हवाई दलात उडालेल्या अमेरिकी माणसाची कागदपत्रं त्यांच्याकडे आली आणि उलगडा झाला: विमानं खेळण्यातल्यासारखी मॉडेल्स होती. आर्चरला विमानं उत्तम माहीत होती, त्यामुळे तपशील पटण्यासारखे होते. फोटो कोणाच्या हातून कोणाकडे आला, ही साखळी तेवढी गायब होती.

आता येऊ बर्मात. १९४१ मध्ये भारतीय हवाई दलाच्या १ नंबरच्या स्क्वाड्रनला लायसँडर जातीची १२ विमानं मिळाली. पैसे कोणाचे? बॉम्बे वॉर गिफ्ट्स फंडाचे, म्हणजे आपल्या मुंबईतून गोळा झालेले. फेब्रुवारी १९४२ च्या सुरुवातीला ही स्क्वाड्रन बर्मात टाँगूला पोचली. नेतृत्व करुण कृष्ण मजुमदार यांचं, सगळे त्यांना "जंबो" म्हणायचे. पोचल्या पोचल्या जपान्यांनी विमानतळावर बॉम्ब टाकले. लायसँडर हे सैन्याला मदत करणारं, टेहळणीचं, संथ विमान. मजुमदारांनी त्यालाच बॉम्ब बांधले आणि सीमेपलीकडचा जपानी तळ गाठून हल्ला केला. त्यांना पुढे डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. फेब्रुवारी १९४५ मध्ये लाहोरला कसरती करताना विमान कोसळून ते गेले.

पण फोटोच्या दृष्टीने अडचण बघा. त्याच सुमारास रॉयल एअर फोर्सची २८ नंबरची स्क्वाड्रनही बर्मात लायसँडरच उडवत होती. भारतीय विमानांवर चिन्ह ब्रिटिशच, सीरियलही त्याच मालिकेतला. म्हणजे लांबून काढलेला एखादा लायसँडर दिसला की खाली "ब्रिटिश विमान" लिहिणं किती सोपं! लिहिणाऱ्याचा काही डाव असेलच असं नाही. पण त्या एका ओळीने मजुमदार जातात, त्यांचे वैमानिक जातात, पंखाखाली बसून इंजिन दुरुस्त करणारे हवाई सिपाही जातात. अधिकाऱ्यांची नावं निदान कागदावर सापडतात. या मेकॅनिक पोरांचा चेहरा कित्येकदा फक्त फोटोतच असतो. विमान कोणत्या स्क्वाड्रनचं हे शेपटीजवळच्या त्या बारीक नंबरावरून ठरलं, तरच त्यांना नाव मिळण्याची थोडी आशा.

म्हणून शेवटी एक विनंती. घरात पणजोबांच्या ट्रंकेत असा फोटो निघाला, तर अल्बममधून ओरबाडून काढू नका. निघत असेल तर मागची बाजूही स्कॅन करा. शिक्का, पेन्सिलीतली अक्षरं, स्टुडिओचं नाव, सगळं मागेच असतं. कडा कापू नका, कोपऱ्यातला अर्धा नंबरही कामाचा असतो. रंगवायचा असेल तर प्रत रंगवा, मूळ फाइल तशीच ठेवा. आणि घरातल्या मोठ्यांना विचारून लिहून ठेवा, की फोटो कोणाकडून आला. आजीला विमानाचं नाव माहीत नसेल, पण उजवीकडून दुसरा कोण, हे तिला कदाचित लगेच सांगता येईल. आणि ते कुठल्याच नोंदवहीत सापडणार नाही.

आजच्यापुरतं एवढंच. असा एखादा फोटो असेल तर पाठवा, मागच्या बाजूसकट. पुढच्या भागात भेटू.