गोष्टीचा दुसरा भाग

अद्भुत कथांचें पहिलें पुस्तक मुलाच्या हातीं बहुधा कोणी तरी ठेवतें. दुसरा भाग मात्र तें स्वतः मागतें. मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांस ही चटक लावणारा ग्रंथ म्हणजे ‘अरबी भाषेंतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं १८६१ सालीं तो इंग्रजीवरून मराठींत आणण्यास प्रारंभ केला. तो केवळ बालकांसाठीं नव्हता. पण घरोघर तो त्यांनींच बळकावला.

१८५२ त साक्रेतिसाचें चरित्र लिहिणारा हा पंडित जिनराक्षसांकडे वळला, हें कित्येकांस विचित्र वाटेल. मला तसें वाटत नाहीं. त्या काळचें मराठी गद्य पुष्कळसें शाळेच्या बांकावर बसलेलें होतें. चमत्काराच्या गोष्टींत वाक्य अडखळलें कीं ऐकणारा उठून जातो. तेथें भाषेला धांवावेंच लागतें.

दुसऱ्या भागाची ओढ तर या कथांच्या पोटांतच आहे. शहरजादीचा जीव अपुऱ्या गोष्टीवर टांगलेला! सिंदबादही पहिल्या सफरींतून धनवान होऊन परततो, तरी पुनः गलबतावर चढतो. या दुसऱ्या खेपेस बेटावर त्याला झोंप लागते, गलबत निघून जातें, आणि घुमटाएवढें अंडें घालणाऱ्या रुख पक्ष्याच्या पायाला पागोट्यानें स्वतःस बांधून तो हिऱ्यांच्या दरींत उतरतो. रत्नागिरीच्या मांडवीवर उभ्या असलेल्या मुलास हा समुद्र परका कसा वाटावा? येथील नगर वाचनालय तर १८२८ सालचें, म्हणजे या गोष्टी मराठींत येण्यापूर्वींचें.

कृष्णशास्त्र्यांच्या हातून मात्र हें काम पुरें झालें नाहीं. १८७८ सालीं ते निवर्तले. पुढील भाग त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री व हरि कृष्ण दामले यांनीं सिद्धीस नेले. ज्यांच्या ‘निबंधमाले’चा भल्याभल्यांस धाक, त्यांनींच वडिलांच्या जादूच्या गोष्टी पुढें चालवाव्या, ही पितृऋणाची एक तऱ्हाच म्हणावयाची. त्याच सुमारास सरकारनें त्यांस पुण्याहून रत्नागिरीच्या शाळेंत धाडलें. १८७९ त त्यांनीं ती चाकरी सोडली व १ जानेवारी १८८० रोजीं पुण्यांत न्यू इंग्लिश स्कूल उघडलें. १८८२ च्या मार्चांत, बत्तिसावें वर्ष चालू असतांच, तेही गेले.

गोष्ट वाचणाऱ्या मुलाला यांतलें कांहींच ठाऊक नसतें. लेखणी बापाच्या हातांतून मुलाच्या हातीं कोठें गेली हें तें पाहत नाहीं; गलबत पुढें कोठें लागलें, एवढेंच विचारतें.