मराठी भयपट व रहस्यपट : भुताचे नाव आणि त्याचे गाऱ्हाणे

जालना जिल्ह्याच्या दोन टोकांस असलेली दोन स्थाने प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहेत. दक्षिणेकडे, घनसावंगी तालुक्यात, जांब हे समर्थ रामदासांचे जन्मग्राम (१६०८). आणि उत्तरेस, भोकरदन तालुक्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेलगत, जयदेववाडी येथील ‘जाळीचा देव’ हे महानुभाव पंथाचे स्थान. रामदासांच्या घरोघर म्हटल्या जाणाऱ्या मारुतिस्तोत्राच्या फलश्रुतीत भूत, प्रेत आणि समंध यांना रोग व चिंता यांच्याच पंक्तीस बसविले आहे. जयदेववाडीस बाधा झालेल्या माणसास घेऊन त्याचे नातलग आजही येतात आणि मुक्काम करतात. या प्रदेशातील प्रेक्षकास भूत प्रथम पडद्यावर भेटलेले नाही. म्हणून येथील भयपटाचे मूल्यमापन करताना ‘भीती वाटली की नाही’ एवढ्याच प्रश्नावर थांबता येत नाही.

मराठीची भुतांविषयीची शब्दसंपत्ती विपुल आहे. परंतु ती केवळ संख्येने विपुल नाही, वर्गीकरणानेही नेमकी आहे. मोल्सवर्थच्या कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) या वर्गाचे शब्द जागोजाग विखुरलेले आढळतात. मुंज झाली पण सोडमुंज होण्यापूर्वी जो मेला तो मुंजा. वाटसरूस वाट चुकवितो तो चकवा. ‘आसरा’ या जलदेवतांच्या नावात संस्कृत ‘अप्सरा’ आहे, ‘जखीण’ या शब्दात ‘यक्षिणी’, आणि ‘खवीस’ हा तर अरबी ‘खबीस’ म्हणजे दुष्ट, अमंगळ या शब्दावरून आलेला. ही नावे बहुधा मृताची जात, वय, लिंग आणि राहून गेलेली इच्छा सांगतात, अथवा भुताचे ठिकाण व करणी सांगतात. क्रियापदांतही हाच विवेक आहे. देव ‘अंगात येतो’. भूत ‘लागते’, ‘बाधते’ किंवा ‘झपाटते’. लोकभाषेच्या दृष्टीने भूत म्हणजे अपुऱ्या राहिलेल्या एका विशिष्ट आयुष्याचे गाऱ्हाणे होय. चित्रपटाने या गाऱ्हाण्याचे काय केले, हा येथील खरा प्रश्न आहे.

आरंभीच्या चित्रपटांनी ते ऐकून न घेता भुतासच नाहीसे केले. बॉम्बे टॉकीजच्या ‘महल’ (१९४९) या कमाल अमरोही यांच्या चित्रपटात पडक्या वाड्यातील गूढ स्त्री अखेरीस माळ्याची मुलगी ठरते. राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’ (१९६४) या मराठी रहस्यपटाचा मार्ग याहून अधिक सूक्ष्म आहे. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात पत्नी वारलेल्या वकिलासमोर तिच्याशी हुबेहूब साम्य असलेली एक आरोपी स्त्री उभी राहते व आपणच ती पत्नी असे सांगते. येथे भुताची गरजच उरत नाही. भय निर्माण होते ते न्यायालयाच्या भर उजेडात आणि तेही केवळ उक्तीतून: पती-पत्नींवाचून इतरांस ठाऊक नसावे ते या स्त्रीस ठाऊक कसे? पुराव्याच्या भाषेत बोलणारा माणूस स्वतःच्याच स्मृतीपुढे निरुत्तर होतो, हे दृश्य कोणत्याही किंकाळीहून अधिक अस्वस्थ करणारे आहे. या चित्रपटास त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला, आणि १९६६ साली राज खोसला यांनी ‘मेरा साया’ या नावाने त्याची हिंदी आवृत्ती काढली. वसंत जोगळेकर यांचा ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) हाही याच परंपरेतला.

या जुन्या पद्धतीचे बळ संयमात होते. उणीवही तेथेच होती. भूत हे कोणाचे तरी सोंग आहे एवढे सिद्ध झाले की कथा संपते. पण सोंग उघडे पडल्याने, ज्यास बाधा झाली आहे त्याचे दुःख उलगडत नाही. जयदेववाडीच्या वाटेवरील कुटुंबास ‘हे सर्व खोटे आहे’ एवढेच सांगणाऱ्याची जी अडचण होते, तीच या चित्रपटांची होते.

मधल्या काळाविषयी थोडक्यात सांगता येते. रामसे बंधूंच्या ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) पासून ‘पुराना मंदिर’ (१९८४) पर्यंतच्या चित्रपटांत भूत खरे झाले, परंतु गावाचे राहिले नाही. मुखवटा, धुके आणि हवेली कोठेही नेऊन ठेवावी अशी. मराठीत महेश कोठारे यांनी ‘झपाटलेला’ (१९९३) मध्ये परदेशी चित्रपटातील बाहुल्याची कल्पना घेतली. रामदास पाध्ये यांचा बोलका बाहुला व दिलीप प्रभावळकर यांचा तात्या विंचू यांनी तिला इतके मराठी केले की मुले भिण्याऐवजी त्याची नक्कल करू लागली. भयपट म्हणून हे अपयश म्हणावे लागेल. करमणूक म्हणून मात्र नव्हे.

नव्या चित्रपटांनी भुतास पुन्हा ठिकाण दिले. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ (२०१८) ला नारायण धारप यांच्या कथेपासून स्फूर्ती मिळाली. १९१८, १९३३ व १९४७ या तीन टप्प्यांत एका कोकणी घराण्याची हाव तो दाखवितो. त्यातील पाऊस हे निव्वळ वातावरण नसून जणू एक पात्रच आहे. परंतु ही मराठी घरातील माणसे हिंदीत बोलतात, आणि ज्यास या घराण्याची बोली ऐकावयाची आहे त्याच्या कानास हे खटकल्यावाचून राहत नाही. आदित्य सरपोतदार यांच्या ‘मुंज्या’ (२०२४) ने एक जुना मराठी शब्द देशभर पोहोचविला. संगणकाने घडविलेल्या त्याच्या देहाच्या उड्यांत मात्र सोडमुंजीवाचून राहिलेला तो पोर हरवतो. हेही कोकणातलेच. वाडी, पाऊस आणि समुद्र यांवाचून मराठी भूत जगत नाही असा समज या चित्रपटांवरून व्हावा, हे मराठवाड्यावर अन्यायाचे आहे.

या दृष्टीने विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ (२०१७) चे महत्त्व वेगळे आहे. येथे गर्भवती स्त्री उसाच्या फडाने वेढलेल्या घरात येऊन पडते. पिंपळ, बारव व पडका वाडा ही भयाची जुनी स्थाने. ऊस हे नवे. जालना जिल्ह्याच्या दक्षिण भागात गोदाकाठी जायकवाडीच्या डाव्या कालव्याने पाणी आले आणि फड उभे राहिले. डोक्याहून उंच वाढलेल्या पिकात दिशा हरपते, हा अनुभव तेथील माणसास सांगावा लागत नाही. चकव्यास आयते घर मिळाले, एवढेच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या चित्रपटातील भुतांचे गाऱ्हाणे खरे आहे. ते मुलींच्या हत्येचे आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ८०७ मुली आढळल्या. भूत खोटे मानणाऱ्यासही हा आकडा खोटा म्हणता येत नाही. दोष इतकाच की शेवटाकडे चित्रपट आपला आशय स्वतःच बोलून दाखवितो. फडाने जे सांगितले होते ते पात्रांच्या तोंडी पुन्हा येते व भीती पातळ होते. फुरिया यांनीच २०२१ मध्ये केलेल्या ‘छोरी’ या हिंदी आवृत्तीतही ही सवय गेलेली नाही.

नव्या चित्रपटांची आणखी एक बाजू अवघड आहे. भूत खरे मानले की त्यास काढणाराही खरा मानावा लागतो. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरविण्याच्या बहाण्याने बांधणे व मारणे हा गुन्हा ठरविला. चित्रपटांत मात्र तोच विधी सुटकेचा मार्ग म्हणून दाखविला जातो. ‘पाठलाग’च्या पिढीस हा मोह नव्हता.

मराठवाड्यातील शेतांच्या बांधावर पिंपळाखाली शेंदूर फासलेला दगड दिसतो, त्यास मुंजाबा म्हणतात. त्यास हाकलीत नाहीत, निवद दाखवितात. भुतास देव करून घेण्याचा हा व्यवहार अद्याप कोणत्याही मराठी दिग्दर्शकाने पडद्यावर आणलेला दिसत नाही.